बाईकवर मावेल असा लहान घडीचा टेंट कोणता घ्यावा? (सोलापूरहून, ३५० सीसी गाडी)

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. तुम्ही सोलापूरचे, गाडी ३५० सीसी, बजेट आठ ते दहा हजार. बहुतेक वेळा एकटे, कधी बायको सोबत. हिवाळ्यात उजनीच्या बाजूला, नळदुर्ग-तुळजापूर पट्ट्यात, आणि वर्षातून एखादी फेरी सह्याद्रीत. सगळे तुम्हाला वजन सांगतायत, दोन किलोच्या आतला घ्या म्हणून.

वजन आत्ता बाजूला ठेवा. दोन किलो आणि पावणेतीन किलो यातला फरक ट्रेकरच्या खांद्याला कळतो, तुमच्या गाडीला कळणार नाही. बाईकवर अडतं ते लांबीपाशी. कापड हवं तसं गुंडाळता येतं, टेंट उभा धरणाऱ्या काड्यांचं, म्हणजे पोलचं तसं नाही. पोलचा एक तुकडा जेवढा लांब, तेवढीच टेंटची घडी लांब. स्वस्त डोम टेंटच्या पोलचे तुकडे ५५ ते ६० सेंमी असतात, चांगल्या ट्रेकिंग टेंटचे ४० ते ४८, आणि सायकल-बाईकवाल्यांसाठी मुद्दाम बनवलेल्यांचे ३० ते ३५. सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगची आतली लांबी साधारण ३५ ते ४५ सेंमी असते. म्हणजे ६० सेंमीची घडी त्यात जाणारच नाही, ती मागच्या सीटवर आडवीच बांधावी लागेल. एकटे असाल तेव्हा हे चालून जातं. बायको सोबत असली की मागची सीट गेली, आणि टेंट कॅरियरवर, म्हणजे मागच्या चाकाच्याही मागे जातो. तिथे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं आणि खराब रस्त्यावर हँडल थरथरतं.

आकारमानाचाही हिशोब करून बघा. ४५ सेंमी लांब आणि १५ सेंमी जाड गुंडाळी साधारण ८ लिटर जागा घेते. ६० बाय १८ ची गुंडाळी १५ लिटर. लेबलवर दोन्ही 'दोन जणांचा टेंट' असतात, पण पहिल्याबरोबर तेवढ्याच जागेत स्लीपिंग बॅगही बसते, दुसऱ्याने जागा तिथेच संपते.

विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट करा. वर्तमानपत्र घट्ट गुंडाळून ४५ सेंमी लांब आणि १५ सेंमी जाड सुरळी बनवा, तिला दोऱ्याने बांधा आणि ती स्वतःच्या बॅगेत घालून चेन लावून बघा. चेन लागली तर तुमची मर्यादा ४५. नाही लागली तर सुरळी कापत कापत ४० वर या. तो आकडा लिहून ठेवा आणि ऑनलाइन टेंट बघताना 'पॅक साइज' बघून थांबू नका. विक्रेत्याला पोलच्या तुकड्याची घडी केलेली लांबी विचारा. बरेचदा पॅक साइजमध्ये पिशवी दाबून मोजलेली असते, पण पोल दाबला जात नाही. एखादा टेंट बाकी सगळ्या बाबतीत पसंत पडला आणि फक्त पोल पाच-सात सेंमी जास्त असले, तर पोल वेगळ्या पिशवीत घालून सॅडलबॅगच्या बाहेरून बांधता येतात. कापड मात्र आत, वॉटरप्रूफ ड्राय बॅगेत. हातातून सोडला की आपोआप उघडणाऱ्या पॉप-अप टेंटचा विचारच करू नका. गोल चकतीसारखी घडी होणारे जे असतात, त्यांचा व्यास ७०-८० सेंमीच्या घरात जातो, आणि बाईकवर तो वाऱ्याला अडवणारं शीड होतो.

आता जमीन. सोलापुरातून टेंट घेणाऱ्याने इथेच सगळ्यात जास्त विचार करायला हवा. आपल्याकडे जागा दोनच तऱ्हेच्या मिळतात: काळं रान किंवा मुरमाड बरड. हिवाळ्यात काळं रान भेगाळून कडक झालेलं असतं, खुंटी एकतर आत जात नाही किंवा भेगेत सैल उभी राहते. पाऊस झाला की तीच माती चिखल होऊन खुंटी हाताने उपसून निघते. शिवाय काळ्या रानात गाडी घातली आणि रात्री सर आली, तर सकाळी मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती गच्च बसते आणि चाक फिरत नाही. म्हणून मुक्काम बरडावर, डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यापासून जवळ. पण बरडावर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण असतो, तिथे खुंटीला खोली मिळत नाही.

म्हणून टेंट स्वतःच्या पोलवर उभा राहणारा हवा, म्हणजे ज्याला फ्रीस्टँडिंग म्हणतात तो. दोन पोल एकमेकांवर फुली मारून जाणारा साधा डोम सगळ्यात भरवशाचा. बोगद्यासारखे टनेल टेंट खुंट्यांशिवाय उभेच राहत नाहीत. काही हलक्या टेंटना मधून फाटे फुटणारा एकच पोल असतो. जाहिरातीत ते फ्रीस्टँडिंग म्हणून येतात, पण त्यांचे पायाकडचे दोन कोपरे खुंटीने ताणावेच लागतात, नाहीतर पायावर कापड लोंबतं. बरडावर तिथे दगड बांधावे लागतील, हे मान्य असेल तरच तो घ्या.

टेंटसोबत येणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या मुरमात दुसऱ्या ठोक्याला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळे आठ आणि तेवढेच वायसर घ्या. खिळ्याच्या टोपीखाली वायसर घातला की दोरी वर सरकून निसटत नाही. एक खिळा साधारण २५ ग्रॅमचा, आठ मिळून २०० ग्रॅम. मुरमात याच्याइतकं काही धरत नाही. काढताना सरळ ओढू नका, पक्कडीने धरून आधी गोल फिरवा, मग वर ओढा. ओल्या काळ्या मातीत मात्र खिळा निकामी. तिथे २३-२५ सेंमीची रुंद पत्र्याची खुंटी लागते, किंवा हातभर लाकडाच्या मध्यावर दोरी बांधून ते वीतभर खोल आडवं पुरायचं आणि वरून माती पायाने दाबायची. खडकावर दोरी लहान दगडाला बांधायची आणि त्या दगडाच्या पुढे, टेंटच्या बाजूला, मोठा दगड टेकवून ठेवायचा. दोरी थेट मोठ्या दगडाला बांधली तर कडेला घासून रात्रीत तुटते.

पोल अॅल्युमिनियमचे घ्या. लेबलवर ७००१ किंवा ७०७५ असं मिश्रधातूचं नाव असेल तर चांगलं. फायबरचा पोल तुटतो तो उभा चिरत जातो, त्याचे केसासारखे तंतू हातात घुसतात आणि फ्लाय, म्हणजे टेंटचं वरचं पावसाचं कापड, फाडतात. अॅल्युमिनियमचा पोल आधी वाकतो, म्हणजे कळायला वेळ मिळतो. सोबत १०-१२ सेंमीची दुरुस्तीची नळी असतेच, नसली तर मागून घ्या: वाकलेल्या जागेवर ती सरकवायची आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची. पोल कापडाच्या बोळातून ढकलत न्यायचा, ओढायचा नाही, ओढला की तुकडे सुटे होतात. घडी करताना मधल्या जोडापासून सुरुवात करा, त्याने आतल्या इलॅस्टिकवर ताण सारखा येतो. इलॅस्टिक दोनेक वर्षांनी सैल पडलं तर टेलरिंगच्या दुकानात अडीच-तीन मिमीचं गोल इलॅस्टिक मिळतं, ते ओवून घ्या.

कापड दोन थरांचं हवं: आत जाळीचा इनर आणि वरून फ्लाय. एका थराच्या टेंटमध्ये श्वासाची वाफ थेट कापडावर थिजते. उजनीच्या काठावर थंडीत पहाटे हमखास दव पडतं, आणि एका थराच्या टेंटमध्ये ते आतून अंगावर टपकतं. फ्लायवर १५०० मिमी लिहिलेलं पुरे, म्हणजे कापडावर दीड मीटर पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही. तळाला ३००० मिमी हवं, कारण गुडघा किंवा कोपर टेकलं की ओल्या जमिनीतून दाब खूप जास्त येतो. नुसता आकडा बघू नका, शिलाईवर आतून पट्टी मारलेली आहे का ते बोटाने चाचपून बघा. गळती कापडातून क्वचित होते, शिलाईतून होते. लेबलवरचे 'टी' आणि 'डी' हे वेगळे आकडे आहेत: १९० टी ही विणीची घनता, ७५ डी ही धाग्याची जाडी. १९० हा मोठा आकडा दिसला म्हणून कापड जाड आहे असं समजू नका. माझी पसंती पॉलिएस्टर फ्लायला. नायलॉन हलकं असतं, पण भिजलं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. आपल्या उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं.

इनर पूर्ण जाळीचा घेऊ नका. माळावरचा फुफाटा वाऱ्याबरोबर फ्लायच्या खालून येतो आणि जाळीतून थेट तोंडावर बसतो. खालचा चाळीसेक सेंमी भाग कापडाचा आणि वर जाळी, असा इनर आपल्याकडे सगळ्यात उत्तम. एप्रिल-मेच्या रात्री फ्लाय न लावता नुसत्या इनरमध्ये झोपता येतं. पण त्याच दिवसांत वळीव येतो, पावसाआधी दहा मिनिटं नुसता वारा सुटतो, आणि तेव्हा अंधारात फ्लाय लावणं अशक्य होतं. म्हणून फ्लाय एका बाजूने बांधून वर गुंडाळून ठेवा. वीज चमकायला लागली तर टेंटमध्ये बसू नका, टेंट विजेपासून वाचवत नाही, आणि एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबू नका. जवळचं पक्कं घर किंवा देऊळ गाठा.

तळ इनरला शिवलेला असलाच पाहिजे, यात तडजोड नको. आपल्या भागात मण्यार आहे, ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा दंश दुखतसुद्धा नाही. आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी चेन पूर्ण लावा, पाच मिनिटांसाठीसुद्धा. बूट बाहेरच्या ओसरीत, म्हणजे दारासमोर फ्लायखाली उरणाऱ्या जागेत, ठेवले असतील तर सकाळी उलटे करून झटका, विंचू आत बसतो. धुळीने चेनचा रनर झिजतो, म्हणून जुन्या टूथब्रशने दात साफ करा. चेन लागूनही मागे उघडत असेल तर रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या दाबा.

रुंदी. दोन जणांचा म्हणजे साधारण १३० सेंमी, आणि ६० सेंमीच्या दोन मॅट टाकल्या की उरतात दहा. एकट्याला हा आरामशीर: शेजारी हेल्मेट, जॅकेट, टँक बॅग. दोघांना फक्त झोपण्यापुरता, म्हणून दोन दारं आणि दोन्हीकडे ६० सेंमीच्या ओसऱ्या असलेला बघा, सामान तिथे जातं. तीन जणांचा घेतला तर घडी पुन्हा मोठी होते. तुमचं वर्णन बघता मी दोन जणांचा, दोन दारांचाच घ्या म्हणेन. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर आतली लांबी २१५ सेंमी बघा, नाहीतर पायाकडची स्लीपिंग बॅग दवाने ओली होते. हिवाळ्यात आपल्याकडे स्लीपिंग बॅगऐवजी मॅट आणि सोलापुरी चादर पुरते, पण चादर टेंटइतकीच जागा खाते, हे बॅग भरताना लक्षात असू द्या.

खाली अंथरायला कंपनीचं वेगळं कापड विकत घ्यायची गरज नाही. ताडपत्रीचा तुकडा टेंटच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी पाच सेंमी लहान कापा. बाहेर आला तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्यावर जमून टेंटच्या खाली जातं. जुना फ्लेक्सही चालतो, पण पाऊण किलोपर्यंत भरतो. आधी हाताने जागा झाडा. सराटे आणि बाभळीचे काटे ताडपत्री, तळ आणि हवेची मॅट तिन्ही भोसकून जातात, म्हणून बाभळीच्या सावलीत टेंट लावूच नका.

गाडी टेंटपासून दोन-अडीच मीटर लांब उभी करा. साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा प्लायचा तुकडा ठेवा, नाहीतर स्टँड रात्रीतून जमिनीत रुततो आणि गाडी आडवी होते. टेंटची दोरी गाडीला बांधू नका. प्रवासात टेंट सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत ठेवायचा नाही, आणि पट्ट्यांची सुटी टोकं खोचून टाका. सायलेन्सरला लागलेलं नायलॉन काही सेकंदांत वितळतं. बांधायला बकलच्या दोन पट्ट्या, जादा म्हणून ट्यूबची पट्टी.

जागेबद्दल एवढंच: नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि नळदुर्गसारखे संरक्षित किल्ले मुक्कामासाठी नाहीत. आजूबाजूच्या शेतमालकाला दिवस मावळायच्या आत विचारलं तर बहुतेक ठिकाणी बरडाचा तुकडा मिळतो. उजनीला पाण्याच्या अगदी कडेला, गाळावर लावू नका.

टेंट घरी आला की पहिल्या आठवड्यात गच्चीवर लावा. चार कोपऱ्यांत पाण्याचे कॅन ठेवा, फ्लाय ताणा आणि नळीने वीस मिनिटं पाणी मारा. आत बसून शिलाई, चेनचं टोक आणि दोऱ्या शिवलेल्या जागा बघा. गळाला तर लगेच परत करता येतो. फेरीवरून आल्यावर सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळेपर्यंत पसरून ठेवा, मेच्या उन्हात नाही. मग पिशवीत घट्ट न दाबता सैल ठेवा. ओला गुंडाळून ठेवलेल्या टेंटच्या आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) लेप काही महिन्यांत चिकट होतो, आंबूस वास येतो आणि पापुद्रे निघतात. तसा झालेला टेंट दुरुस्त होत नाही.