वाचक विचारतात : यान उतरलंच नाही, तर मंगळावरची हवा मोजली कशी?

प्रश्न : मंगळावर यान उतरण्याआधीच तिथली हवा किती विरळ ते कळलं होतं, असं वाचलं. कसं काय? – दहावीची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : बाळ, बेळगावात तीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले, म्हणून हा प्रश्न आवडला. चोर्ला घाटात एसटीत ट्रान्झिस्टर लावला की डोंगर आडवा येतो आणि गाणं खरखरत बुडतं. आम्ही वैतागायचो, शास्त्रज्ञांनी मात्र त्या बुडण्याचंच मोजमाप केलं.

जुलै १९६५. अमेरिकेचं मरिनर-४ यान मंगळामागे गेलं. पृथ्वीकडे येणारे त्याचे रेडिओ संकेत तुटण्याआधी मंगळाच्या हवेतून आले. पाण्यातली काठी वाकडी दिसते ना? तशाच हवेत लहरी किंचित वाकतात, त्यांची वारंवारता जराशी सरकते. यानाच्या वेगानंही ती सरकते, पण तो वेग ठाऊक असतो. त्याचा हिशेब वजा केला की उरतं ते हवेचं काम. त्यावरून घनता, दाब, तापमान. दाब निघाला पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी! त्याआधीचे अंदाज कितीतरी जास्त होते. म्हणजे नुसत्या पॅराशूटवर तिथं उतरता येणार नाही, हेही तेव्हाच उमगलं.

संकेत जमिनीवर आपटून परत आले, तर पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत तेही कळतं. १९९४ साली अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानानं चंद्राच्या ध्रुवावर हेच करून पाहिलं. परतलेल्या संकेतांवरून तिथं बर्फ आहे का, यावर मग बरीच वादावादी झाली.

आणि हो, जपानच्या अकात्सुकी यानाचे शुक्राच्या हवेतून आलेले संकेत आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूजवळच्या ब्यालाळूच्या ३२ मीटरच्या अँटेनानंही टिपले. सहलीला म्हैसूरच का नेतात, कोण जाणे.