धावण्याच्या ग्रुपमध्ये सगळे इंग्रजी शब्द वापरतात, ते कसे शिकावेत?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, वय ४२, दोन महिन्यांपूर्वी धावण्याच्या ग्रुपमध्ये गेलात. रात्री व्हॉट्सॲपवर उद्याच्या व्यायामाचा जो मेसेज पडतो त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं आणि सकाळी मैदानावर विचारायची लाज वाटते. मी साताऱ्याचा, पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. चार वर्षांपूर्वी मी नेमका इथंच अडकलो होतो.

माझी फजिती आधी सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. कोचचा मेसेज: ‘ईझी फाइव्ह के, सेव्हन पेस.’ मी जिममध्ये जाऊन ट्रेडमिलवर ७ आकडा लावला, पाच किलोमीटर पुरे केले आणि स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘सेव्हन पेस, डन!’ फोटोत वेळ दिसत होती ४३ मिनिटं. सेव्हन पेसने पाच किलोमीटरला ३५ मिनिटं लागतात. पुढचा अर्धा तास नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

झालं काय होतं, तर मी शब्दकोशात बघितलं होतं. पेस म्हणजे गती, स्पीड म्हणजेही गती. विषय संपला! पण धावणाऱ्यांच्या बोलण्यात स्पीड म्हणजे तासाला किती किलोमीटर आणि पेस म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. म्हणून पेसचा आकडा जितका लहान तितका माणूस जोरात. साठला पेसने भागा, स्पीड मिळतो. सिक्स पेस म्हणजे ताशी १० किलोमीटर, सेव्हन म्हणजे साधारण ८.६. ट्रेडमिलवर बहुधा स्पीड असतो, हातातल्या घड्याळात पेस. हे शब्दकोश सांगत नाही, म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की शब्दांची यादी करून पाठ करू नका. शब्द अंगावर घ्या.

उदाहरणार्थ ईझी, टेम्पो आणि इंटरव्हल. टेम्पो म्हटलं की मला छोटा हत्तीच आठवायचा. आता मी हे तीन शब्द तोंडावरून ओळखतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय, घरच्या तक्रारीसुद्धा सांगता येताहेत, तर ते ईझी. दोन-तीन शब्दांत उत्तर उरकावंसं वाटतंय, तर टेम्पो. कुणी काही विचारलं तर राग येतोय, तर तुम्ही इंटरव्हल मारताय.

या इंटरव्हलची एक गंमत आहे. आपल्याला तो थिएटरमधला माहीत, म्हणजे मध्ये थांबून वडापाव खायचा. ग्रुपमध्ये मात्र जोरात पळायच्या तुकड्यालाच इंटरव्हल म्हणतात. १९३०च्या दशकात जर्मनीत कोच गेर्शलर आणि डॉक्टर राइंडेल यांनी ही पद्धत बसवली तेव्हा त्यांचा सगळा भर होता तो दोन तुकड्यांमधल्या विश्रांतीवर, आणि इंटरव्हल म्हणायचे ते त्या विश्रांतीलाच. म्हणजे आपला थिएटरवाला अर्थ मुळाला जास्त धरून आहे.

फार्टलेक हा शब्द ऐकून तुम्ही बिचकला असाल. तो इंग्रजी नाहीच, स्वीडिश आहे. अर्थ, वेगाचा खेळ. यवतेश्वरच्या घाटात आम्ही करतो ते हेच: त्या वळणापर्यंत जीव खाऊन, मग पुढच्या झाडापर्यंत रमतगमत. इंग्रजीत शिकलेल्यांनाही तो कुणीतरी समजावूनच सांगावा लागतो, तेव्हा लाज कसली?

काही शब्दांना आपल्याकडे तयार जोडी असते. टेपर म्हणजे शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी कमी करत नेणं. मूळ अर्थ निमुळतं होत जाणं. निमुळतं म्हटल्याबरोबर चित्र उभं राहतं की नाही? रिकव्हरी माझ्या तर धंद्यातलाच शब्द. आमच्याकडे रिकव्हरी म्हणजे थकबाकीदाराच्या दारात जाऊन बसणं. रिकव्हरी रनच्या, म्हणजे जोराच्या सरावानंतर अगदी हळू धावायच्या दिवशी शरीर कालची थकबाकी वसूल करत असतं, त्या दिवशी त्याच्याकडून नवं कर्ज काढायचं नाही. बाकी पीबी म्हणजे स्वतःची आजवरची उत्तम वेळ, अमेरिकेकडचे लोक त्यालाच पीआर म्हणतात. डीएनएस म्हणजे शर्यतीत नाव दिलं पण सुरुवातच केली नाही, डीएनएफ म्हणजे शर्यत सुरू केली पण पुरी झाली नाही. ही आद्याक्षरं आठवड्याभरात आपोआप बसतात.

खरा वेळ द्या तो दुखण्याच्या शब्दांना. माझी नडगी धरली तेव्हा पुण्यात एका फिजिओकडे गेलो. त्या मराठी नव्हत्या, प्रश्न सगळे इंग्रजीत. कुठे दुखतं? मी पोटरी आणि नडगी दोन्हींवर हात फिरवला. ‘काफ ऑर शिन?’ काफ म्हणजे वासरू, हे शाळेत पाठ केलेलं. हिला माझं वासरू कशाला हवंय ते कळेना. काफ म्हणजे पोटरीसुद्धा, आणि शिन म्हणजे नडगी. मग कसं दुखतं? मी आपला ‘पेन, पेन’. ‘डल? शार्प? थ्रॉबिंग?’ मी गप्प.

घरी येताना एसटीत बसून विचार केला, की यातलं काय मला मराठीत सांगता आलं नसतं? दुखण्याच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत हो! ठणकतंय ते थ्रॉबिंग. सणक जाते ते शूटिंग पेन. मुंग्या येतात ते टिंगलिंग. स्नायू आखडला की स्टिफ, पायात गोळा आला की क्रॅम्प, पळताना बरगडीखाली कळ आली की स्टिच. घोटा मुरगळला की स्प्रेन, स्नायू ताणला गेला की स्ट्रेन. हे दोन मी अजून मधूनच उलटे बोलतो. हात लावला की हुळहुळतं ते टेंडर. आणि मोठ्या पल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना देव आठवतो, ते सोअर. सोअरला फिजिओ घाबरत नाहीत. पण नडगीवर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल तर ते नक्की सांगा, कारण हाडाला बारीक चीर असण्याची शंका त्यावरून घेतात. म्हणून आधी दुखणं मराठीत नीट ओळखा, मग त्याला इंग्रजी शब्द लावा. उलट केलंत तर माझ्यासारखं पेन-पेन होतं.

कानाला सवय हवी असेल तर शर्यतीची इंग्रजी कॉमेंट्री ऐका, आणि निकाल आधीच माहीत असलेली शर्यत घ्या म्हणजे लक्ष शब्दांवर राहतं. मी अविनाश साबळेची २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, कितीदा पाहिली असेल! बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा पोरगा ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला, सोनं हुकलं ते सेकंदाच्या फक्त पाच शतांशांनी. शेवटच्या फेरीला घंटा वाजते म्हणून ती बेल लॅप. घोळका म्हणजे पॅक, मधेच मारलेली उसळी म्हणजे सर्ज, शेवटी काढलेला जोर म्हणजे किक. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. पूर्वी घोडेस्वार लांबचा मनोरा धरून कुंपणं, ओढे ओलांडत शर्यत लावायचे, म्हणून यात अडथळे आणि पाणी. एवढं कळलं की तो शब्द विसरणं शक्य नाही.

आता सवयीचं सांगतो. रात्री मेसेज आला की मी तो बायकोला मराठीत सांगतो. तिला धावण्यात काडीचा रस नाही, त्यामुळे मी कुठे अडखळलो ते तिला लगेच कळतं. अडलेला एकच शब्द घेऊन सकाळी कोचकडे जायचं. पण ‘याचा अर्थ काय’ असं विचारू नका, ‘म्हणजे मी नेमकं काय करू’ असं विचारा. या प्रश्नाला कुणी हसत नाही, उलट ज्यांना कळलेलं नसतं तेही जवळ सरकतात.

तुम्ही प्रश्नात दिलेला मेसेज होता: ‘संडे एलएसडी १४ के, निगेटिव्ह स्प्लिट, कॅरी हायड्रेशन.’ एलएसडी गूगलवर शोधू नका, भलतंच निघेल. इथे त्याचा अर्थ लांब पल्ला, निवांत. म्हणजे रविवारी चौदा किलोमीटर रमतगमत, त्यातले मागचे सात पहिल्या सातांपेक्षा जरासे जोरात, आणि पाण्याची बाटली घरून घेऊन या.