खोली सजवायची तर सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ताई, दुकानात छान दिसलं म्हणून काहीतरी घेऊन येते आणि घरी ते कुठेच शोभत नाही. प्रत्येक खोलीला चालेल अशी सोपी पद्धत आहे का?

उत्तर: आहे ना! आधी खरेदी थांबव आणि एकच खोली हातात घे. शोपीस, कुशन, फ्रेम सगळं बाहेर काढ, फक्त मोठं फर्निचर राहू दे आणि दारात उभं राहून मोबाईलवर फोटो काढ, कारण रोज बघून डोळ्यांना सवय झालेली असते, फोटोत मात्र लगेच खटकतं. मग रंग. ६० टक्के भिंती नि मोठ्या वस्तूंचा, ३० टक्के पडदे-गालिचा, १० टक्के एखादा उठावदार, हे अंदाजानेच हं. नंतर लाईट, आणि हे बहुतेक जण विसरतातच, छतावरच्या एकाच पांढऱ्या दिव्याने खोली सपाट दिसते, कोपऱ्यात २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप) पिवळसर दिवा लावून बघ. फ्रेम फार उंच नको, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. शोभेच्या वस्तू सगळ्यात शेवटी, एकेक करून ठेव, परत फोटो काढ, गर्दी वाटली की थांब. पुढच्या खोलीलाही हाच क्रम.