बाझेलला नोकरी आणि जर्मनीत घर असेल तर आयकर कुठे भरायचा?

तुम्ही विचारलंय की बाझेलमध्ये नोकरी मिळते आहे, भाडं परवडावं म्हणून सीमेपलीकडे जर्मनीत लोर्राख किंवा वाइल आम राइनला राहायचा विचार आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये पगारातून फक्त ४.५ टक्के कर कापतात असं ऐकलंय. मग जर्मनीत पुन्हा कर भरावा लागतो का, दुहेरी कर टाळण्याचा करार (डीटीएए) आहे ना?

भरावा लागतो, आणि पूर्ण भरावा लागतो. ते ४.५ टक्के म्हणजे नुसता बयाणा. हे वाक्य मी आठ वर्षं घरच्यांना सांगते आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

मी लोर्राखला राहते आणि जानेवारी २०१७ पासून बाझेलच्या एका प्रयोगशाळेत काम करते. पहिला पगार हातात आला तेव्हा विश्वास बसेना. सात हजार फ्रँकमधून पेन्शन वगैरे गेलं, कराच्या नावाखाली जेमतेम तीनशे पंधरा फ्रँक. आधीच्या जर्मन नोकरीत जवळजवळ चाळीस टक्के पगार कापून जायचा. त्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या एका जुन्या तंत्रज्ञ बाई माझ्याशी बोलल्या. त्या बावीस वर्षं वाइलहून ये-जा करत होत्या. त्यांनी मला विचारलं, "वेगळं खातं उघडलंस का?" मी म्हटलं, कशाला? त्या म्हणाल्या, "यातला पाचवा हिस्सा तुझा नाही. तो फिनान्सआम्टचा, म्हणजे जर्मन कर कार्यालयाचा आहे, फक्त अजून त्यांनी मागितलेला नाही."

मी खातं उघडलं आणि दर महिन्याला दीड हजार फ्रँक तिकडे वळवायला लागले.

त्या दिवाळीला घरी गेले. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सी.ए. आहेत. हुशार आहेत, त्यांच्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही. ते ऑफिससाठी जागा घेत होते. त्यांनी पंधरा लाख मागितले, वर्षभरासाठी. माझ्याकडे त्यातले बरेचसे पैसे होते, पण ते त्या दुसऱ्या खात्यात होते. मी म्हटलं, भाऊजी, ते कराचे आहेत, मला हात लावता येणार नाही. त्यांनी माझं पगारपत्रक मागितलं, बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कर तर कापलाय इथे. डीटीएए असताना दुसऱ्यांदा कर कोण घेतं? द्यायचे नसतील तर सरळ तसं सांग." आईसुद्धा गप्प राहिली. ताई त्यानंतर चार महिने माझ्याशी नीट बोलली नाही. परदेशात गेली आणि हात आखडला, हे मावशीकडून माझ्या कानावर आलं.

मी २०१८ च्या मे महिन्यात विवरणपत्र भरलं आणि ऑगस्टमध्ये फिनान्सआम्टचं बेशाइड, म्हणजे कर-आकारणीचं पत्र आलं. कापलेले ४.५ टक्के वजा जाता २०१७ चे सोळा हजार युरोंहून जास्त भरायचे होते, महिन्याभरात. त्याच लिफाफ्यात दुसरा कागद होता: २०१८ साठीचे आगाऊ हप्ते. एरवी ते १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबर असे चार असतात. अर्धं वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून सगळ्या वर्षाची रक्कम उरलेल्या दोन तारखांवर बसवली होती. म्हणजे चार महिन्यांत दोन वर्षांचा कर. ज्यांनी पहिल्या वर्षी गाडी घेतली, सोफा घेतला, गावाकडे पैसे पाठवले, ते इथेच बुडतात. मी स्वतः असे तिघे बघितलेत, त्यातला एक अजून हप्त्यांनी फेडतोय.

मीही सहीसलामत सुटले नाही. साठवलेले पैसे फ्रँकमध्ये होते आणि कर मागितला जातो युरोत. पहिला भरणा निभावला, पण डिसेंबरच्या हप्त्याला दोन हजारांची तूट आली. शेवटी भारतातल्या एनआरई खात्यातली (अनिवासी भारतीयांनी परदेशातली कमाई ठेवायचं खातं) एफडी मोडली. म्हणून सांगते, दर महिन्याला बाजूला काढाल ते त्याच दिवशी युरो करून ठेवा. दर वाढेल या आशेवर कराचे पैसे ठेवू नयेत.

आता करार काय सांगतो ते बघा. भाऊजींनी तो वाचला नव्हता, मी वाचला होता. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यातल्या १९७१ च्या करारात १५ अ हे कलम आहे. एका देशात राहून दुसऱ्या देशात कामाला जाणारा आणि काम संपल्यावर नियमित घरी परतणारा तो ग्रेन्त्सगेंगर. त्याच्या पगारावर कर घेण्याचा हक्क राहत्या देशाचा. नोकरीच्या देशाला ४.५ टक्क्यांपर्यंतच कापता येतं, तेसुद्धा जर्मन फिनान्सआम्टने दिलेला रहिवासाचा दाखला, ज्याला ग्रे-१ म्हणतात, तुम्ही कंपनीत दिलात तर. तो दिला नाही तर तिथला पूर्ण कर कापला जातो. कापलेले ४.५ टक्के जर्मनी तुमच्या करातून वजा करतो. दुहेरी कर टळतो तो इतकाच. दुहेरी कर टळला म्हणजे करच टळला असं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं, आणि डीटीएए हे चार अक्षरी नाव घेऊन समोरच्याचं तोंड बंद करणाऱ्यांनी निदान तो एकदा वाचावा.

कामानिमित्त वर्षात साठहून जास्त दिवस घरी परतला नाहीत तर हा दर्जा जातो. मग पगारावर मुख्यतः स्वित्झर्लंडचा कर लागतो आणि जर्मनी तो पगार फक्त तुमच्या बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवायला मोजतो. हे ऐकून काही जण मुद्दाम हॉटेलात साठहून जास्त रात्री काढायचा बेत करतात. करू नका. न परतण्याचं कारण कामच होतं हे कंपनीने लिहून द्यावं लागतं आणि फिनान्सआम्ट ते तपासतं.

फ्रान्सच्या बाजूला सेंट लुईला राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. बाझेलमध्ये काम करणाऱ्या तिकडच्या सीमा-कामगाराच्या पगारातून स्वित्झर्लंड कर कापतच नाही, तो सगळा फ्रान्सला भरतो. जिनिव्हात पुन्हा उलटं, तिथे पगारातूनच पूर्ण कापतात. तेव्हा जिनिव्हातल्या मित्राचा सल्ला बाझेलला लावू नका.

एफडीचं राहिलं. ती मोडली तेव्हा तिच्या व्याजाचा विषय निघाला. मी ते दरवर्षी जर्मन विवरणपत्रात दाखवते. भाऊजी म्हणाले, एनआरईचं व्याज करमुक्त असतं, हे शाळकरी पोराला कळतं. भारतात करमुक्त आहे, ते अगदी बरोबर बोलत होते. पण मी जर्मनीची रहिवासी आहे आणि जर्मनी तुमचं जगभरातलं उत्पन्न बघतो. भारताने सूट दिली म्हणून जर्मनीने द्यावी असं काही नाही. वर्षाला १००० युरोंपर्यंतच्या सगळ्या व्याज-लाभांशाला सवलत आहे, तेव्हा ती ८०१ होती. त्यावरच्या रकमेवर साधारणपणे २५ टक्के आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार. पीपीएफचंही तेच. "कोणाला कळणार आहे?" हा त्यांचा शेवटचा मुद्दा होता. भारत आणि जर्मनी २०१७ पासून बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात. कोणाला कळेल म्हणून मी ते भरत नव्हते, देणं आहे म्हणून भरत होते. पण ज्यांना भीतीच हवी त्यांच्यासाठी हेही सांगून ठेवते. एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) असेल तर तिथे भारतात ३० टक्के आणि वर उपकर कापतात. जर्मन रहिवासाचा दाखला आणि बँक मागेल ते फॉर्म दिले की करारानुसार १० टक्क्यांवर येतं, आणि ते जर्मनीत वजा मिळतं.

मागच्या वर्षी ताईच्या मुलाला म्युनिकला नोकरी लागली. भाऊजींचा फोन आला. त्याच्या नावावर केलेल्या ठेवींचं व्याज जर्मनीत दाखवावं लागेल का, असं विचारत होते. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, बरं, मग दाखवायला सांगतो. पंधरा लाखांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आता तुमचं. फायदा कुठे, हे तुम्ही एकटे आहात की कुटुंब आहे यावर ठरेल. एकटा, चांगला पगार असलेला माणूस जर्मनीत राहिला तर कर बाझेलपेक्षा बराच जास्त पडतो आणि भाड्यात वाचलेलं पुष्कळसं त्यात जातं. नवरा-बायकोत एकच कमावणारा असेल तर जर्मनीत एकत्रित आकारणीमुळे भार खूप हलका होतो, तिथे लोर्राखचा विचार जरूर करावा. आरोग्य विमा कुठल्या देशाचा घ्यायचा ते पहिल्या तीन महिन्यांत ठरवावं लागतं, ती मुदत चुकवू नका. घरून काम करणार असाल तर सामाजिक विम्याचा नियम कराहून वेगळा आहे: १ जुलै २०२३ पासून अर्ज करून निम्म्यापेक्षा कमी वेळ घरून काम करता येतं आणि विमा स्वित्झर्लंडचाच राहतो.

आणि जे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते आता विचारते. तुमचा पासपोर्ट भारतीयच असेल, तर तुमच्याकडे जर्मनीची कायमच्या वास्तव्याची परवानगी आहे का, आणि निदान सहा महिने सीमेजवळच्या भागात राहिला आहात का? युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला सीमा-कामगाराचा जी परवाना त्याशिवाय मिळत नाही. माझ्याकडे दोन्ही होतं, म्हणून मला जमलं. तुम्ही ऑफर घेऊन थेट भारतातून येत असाल तर लोर्राखचा बेत सध्या बाजूला ठेवा आणि बाझेलमध्येच घर शोधा.