एनएसई 31 आला म्हणजे कॅन्सर नक्की का?

एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज) या रक्ततपासणीचा आकडा जरा बाजूला ठेवा. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'सॅम्पल हिमोलाइज्ड', म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, असा शेरा आहे का, ते आधी बघा. असेल तर त्या 31 वर झोप उडवून घेऊ नका.

वडिलांना दोन महिने खोकला, एक्सरेत डाग, एनएसई 31 आणि कागदावर 16 च्या आत हवा, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात लॅबमध्ये रक्त काढतो, डॉक्टर नाही, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

एनोलेज हे साखरेतून ऊर्जा काढणारं एन्झाइम, शरीरभर असतं. (शुगरच्या राखाडी झाकणाच्या ट्यूबमधलं फ्लोराइड यालाच अडवतं, म्हणून त्यातली साखर फारशी उतरत नाही.) त्याचा एक प्रकार मुख्यतः चेतापेशींत आणि त्यांच्याशी गुण जुळणाऱ्या, हार्मोन सोडणाऱ्या पेशींत सापडतो. तोच एनएसई. फुफ्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर अशाच जातीचा, म्हणून त्यात हा वाढतो. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कॅन्सरमध्येही. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या पेशंटच्या मेंदूला किती इजा झाली, हे ताडायलाही दोन-तीन दिवसांनी हीच टेस्ट करतात.

गोम अशी की तांबड्या पेशींत आणि प्लेटलेटमध्येही हा असतो. त्या ट्यूबमध्येच फुटल्या की आकडा फुगतो. चांगलं सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) कडब्यासारखं पिवळसर दिसतं, बिघडलेलं पाण्यात डाळिंबाचा दाणा चुरडल्यासारखं गुलाबी. आमच्याकडे एकदा मे महिन्यात लाइट गेली, पेशी खाली बसवून सिरम वेगळं करणाऱ्या मशीनमध्ये न फिरवता ट्यूब दुपारभर तशीच राहिली आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला गेली. आकडा चांगलाच वर आला. पेशंटला पुन्हा बोलावलं, रक्त घेतल्या घेतल्या फिरवून सिरम वेगळं केलं, तर नॉर्मल! त्या घरातल्यांनी मधले चार दिवस कसे काढले, ते मला नंतर ऐकवलं. ऐकून घेतलं, दुसरं काय करणार.

तुमच्या बाबतीत एक्सरेत डाग आहे, म्हणून नुसतं रक्त पुन्हा तपासून गप्प बसू नका. छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तसा सीटी करा. कॅन्सर आहे की नाही हे डागाचा तुकडा काढून (बायोप्सी) तपासूनच ठरतं, एनएसईवरून नाही. नॉर्मल आला तरी डाग तिथेच राहतो, आणि आपल्याकडे अशा डागामागे टीबीही निघतो.

रक्त पुन्हा द्यायचं झालं तर तासाभरात फिरवतात का, हे लॅबला आधीच विचारा. उपाशीपोटी न्यायची गरज नाही. उलट दोन ग्लास पाणी पाजून न्या. वयस्कर माणसाची शीर लवकर सापडत नाही आणि आत सुई फिरवत बसलं की नेमक्या पेशी फुटतात.