भावना म्हणजे केवळ मेंदूतली रसायने का?

राग, भीती, आनंद हे सगळे मेंदूतल्या रसायनांमुळे घडत असेल, तर माणसाच्या अनुभवाला आणि निर्णयाला काही अर्थ उरतो का, असे आपण विचारले आहे. मेंदूवाचून अनुभव नाही हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण म्हणून अनुभव गौण ठरतो, हा निष्कर्ष मला पुराव्याला धरून वाटत नाही.

मेंदूतील बदलाने वागणे किती पालटते, हे पार्किन्सन या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांमध्ये दिसते. डोपामाइन या मेंदूतील संदेशवाहक रसायनासारखे कार्य करणारी औषधे घेताना त्यांच्यापैकी काहींना, आयुष्यात कधी नसलेला, जुगाराचा अनावर नाद लागतो आणि औषध कमी केल्यावर तो बहुधा ओसरतो. अशा माणसाला चारित्र्यहीन म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र याच डोपामाइनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणून मोकळे होणे चुकीचे आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामाइन स्रवणाऱ्या पेशी उत्तेजित होत. परंतु ठरावीक खुणेनंतर रस मिळतो हे माकड शिकले की त्या पेशी रसाला नव्हे, तर त्या खुणेला प्रतिसाद देऊ लागत, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तर त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जात असे. रस तोच, पेशीही त्याच. बदलली होती ती प्राण्याची अपेक्षा, आणि अपेक्षा तर अनुभवातूनच घडते.

माणसांमध्येही हे दिसते. १९७८ साली लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून निष्क्रिय द्रव्य दिले, तेव्हा काहींच्या वेदना खरोखर कमी झाल्या. पुढे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामकांना रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर त्याच रुग्णांच्या वेदना वाढल्या. म्हणजे ‘औषध मिळाले’ या समजुतीनेच शरीरातील रसायनांना कामाला लावले होते. शिकण्याचा ठसा तर मेंदूच्या रचनेवरही उमटतो. लंडनमधील हजारो रस्ते पाठ करून टॅक्सीचालकाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पस या, स्मृती आणि वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित मेंदूच्या भागात, मागील बाजूला वाढ आढळली, तर अनुत्तीर्ण राहिलेल्यांमध्ये ती आढळली नाही. वुलेट आणि मॅग्वायर यांचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून ‘मी ठरवले की मेंदूने?’ हा प्रश्नच मला चुकीचा मांडलेला वाटतो, कारण आपण कारणांचा विचार करतो, दिलेला शब्द आठवतो आणि मोह आवरतो, तेव्हा मेंदूत चाललेले कार्य हेच आपले ठरवणे असते. नैराश्यावर औषधाप्रमाणेच संवादावर आधारलेले मानसोपचारही उपयोगी पडतात, यात म्हणूनच काही विसंगती नाही: दोन्ही उपचार एकाच मेंदूवर काम करतात, फक्त त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.