विश्व अस्तित्वात का आहे? महास्फोटाच्या सिद्धांताने या प्रश्नाचे उत्तर मिळते का?

काहीच नसण्याऐवजी हे विश्व मुळात का आहे आणि महास्फोटाच्या सिद्धांताने या प्रश्नाचा निकाल लागला असे मानावे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर सरळ आहे: नाही. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतिउष्ण, अतिघन अवस्थेपासून विश्व कसे प्रसरण पावत गेले हे तो सिद्धांत सांगतो. ती अवस्था आणि तिला लागू पडणारे नियम मुळात का होते, हे सांगणे त्याचे कामच नव्हे. विश्व निर्वातातून आपोआप उद्भवले असावे असे मांडणाऱ्यांचीही अडचण हीच आहे, कारण त्यांच्या निर्वातात क्षेत्रे (उदाहरणार्थ, विद्युतचुंबकीय क्षेत्र) आणि ऊर्जा असतातच. भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर विलेन्किन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात आरंभी अवकाश-काळसुद्धा गृहीत धरलेला नाही. तरी सूक्ष्म कणांचे वर्तन सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांताचे नियम मात्र गृहीत धरावेच लागतात, आणि ते नियम का आहेत हा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

विश्वाला आरंभच नाही असे मानले तरी सुटका होत नाही, हे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६९७ मध्ये एका दृष्टांताने दाखवले. भूमितीचा एक ग्रंथ अनादि काळापासून नकलून घेतला जात आहे अशी कल्पना करा. प्रत्येक प्रतीत जे आहे ते आधीच्या प्रतीत होते म्हणून आहे, हे खरे. पण असा ग्रंथ मुळात का आहे आणि त्यात भूमितीच का आहे, याचा उलगडा कितीही मागे गेले तरी होत नाही. म्हणून विश्वाचे कारण या साखळीबाहेर, ज्याला नसणे शक्यच नाही अशा अवश्यंभावी सत्तेत, म्हणजे ईश्वरात असले पाहिजे, असे तो म्हणतो.

यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, धर्माविषयीच्या संवादरूप ग्रंथात आक्षेप येतो: वीस कणांच्या समूहातील प्रत्येक कणाचे कारण स्वतंत्रपणे सांगितल्यावर, आता वीसही कणांचे मिळून कारण सांगा, असे म्हणणे गैरवाजवी आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीवर ख्रिस्ती धर्मगुरू व तत्त्वज्ञ फादर कॉपलस्टन यांच्याशी झालेल्या वादात विश्व केवळ आहे, एवढेच म्हणता येते, अशी भूमिका घेतली. मला ह्यूमचा आक्षेप अपुरा वाटतो, कारण ग्रंथाच्या दृष्टांतात प्रत्येक प्रतीचे कारण सांगूनही काहीतरी सांगायचे राहते, हे आपल्याला स्पष्ट दिसते.

लायब्निझच्या मार्गातील खरी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक गोष्टीला पुरेसे कारण असते आणि ते कारण शेवटी अवश्यंभावी सत्तेत असते, असे मानले, तर त्या सत्तेतून जे निघते तेही अवश्यंभावी ठरते. मग हे विश्व याहून वेगळे असूच शकले नसते. सतराव्या शतकातील डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने हा निष्कर्ष निःसंकोचपणे स्वीकारला. लायब्निझला तो नको होता, म्हणून ईश्वराने शक्य विश्वांपैकी सर्वोत्तम विश्व स्वेच्छेने निवडले, असे तो म्हणाला. परंतु ईश्वराचे चांगुलपण अवश्यंभावी असेल, तर निवडही अवश्यंभावी होते, आणि नसेल, तर ती तशी का झाली याला कारण उरत नाही. या पेचातून तो निर्विवादपणे बाहेर पडला, असे मला वाटत नाही.

म्हणून मला आधी प्रश्नामागचे गृहीतक तपासावेसे वाटते. ‘काहीच नसणे’ ही स्वाभाविक स्थिती आणि ‘असणे’ हा तिचा भंग, असे आपण नकळत धरून चालतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतूला नेमके उलट सांगतात. आरंभी असत्, म्हणजे काहीच नसणे, होते या मताचा उल्लेख करून ते विचारतात, ‘कथमसतः सज्जायेत’, असतापासून सत् कसे उत्पन्न होईल? त्यांच्या विचारात आरंभी सत्‌च होते, आणि उलगडा करायचा तो एका सत्‌पासून अनेक रूपे कशी झाली याचा. मलाही ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. विश्व असेच का आहे, त्याचे नियम हेच का, हे विचारण्याला पूर्ण अर्थ आहे, आणि तिथे भौतिकशास्त्राला पुष्कळ काम आहे. पण अभावालाच आधी हक्क होता, हे कोणीतरी सिद्ध करून दाखवायला हवे.

लायब्निझचे त्यावर उत्तर तयार होते: काही असण्यापेक्षा काहीच नसणे अधिक साधे आणि सोपे आहे, असे त्याने १७१४ मध्ये लिहिले. साधेपणाचा हा निकष आपण दोन सिद्धांतांत निवड करताना वापरतो आणि तो उपयोगी पडतो, हे मान्य. परंतु त्याच्यावरचा आपला विश्वास या विश्वातील अनुभवावरच उभा आहे, आणि विश्व असावे की नसावे हे त्याच निकषाने ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, हे त्या युक्तिवादात सांगितलेले नाही.